लहानूभाऊ, पंचावन्नच बरोबर होते

लहानूभाऊ,

गेल्या रविवारी आपल्या नेहमीच्या पंपावर, त्याच यंत्रावर, टाकी काठोकाठ भरली. ३९.६ लिटर बसले. अंतर चारशे किलोमीटर. भागाकार मी पंपावर केला, घरी येऊन कागदावर केला आणि मग हिला करायला सांगितला. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं, लिटरमागे १०.१. सत्तरच्या वेगाला ९.१ आले होते, पासष्टला ९.५, साठला ९.८. म्हणजे आपण मोजलेल्या सगळ्या वेगांत पंचावन्न सरस. हे तुम्ही जानेवारीत, एकही आकडा न मांडता, अंगणात पान्हा पुसत सांगितलं होतंत.

तुम्हाला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले.

या वेळी गाडी मी चालवली. माझा पाय तुमच्यासारखा स्थिर नाही. वेग त्रेपन्न ते सत्तावन्न असा हलत होता, रस्ताही ओला होता. तुम्ही चालवली असती तर आकडा याहून थोडा वरच गेला असता. किती, ते मला सांगता येणार नाही, आणि मोजायची सोय आता राहिलेली नाही.

वाचणाऱ्यांना गाडी कोणती ते सांगायला हवं. एका शाळेने विकायला काढलेली तेरा आसनांची जुनी डिझेल मिनीबस होती. तिचं फिरतं घर करायचं हे खूळ माझं. मी जव्हारला शाळेत गणित शिकवतो. निवृत्तीला सहा वर्षं आहेत. त्यानंतर हिला घेऊन कन्याकुमारीपर्यंत जायचं, वाटेत कुठे लॉज शोधायचा नाही, गाडीतच राहायचं, असा बेत. ही म्हणाली, "मग सहा वर्षांनी घ्या ना." मी म्हणालो, चाचण्यांना वेळ लागतो. ती जी हसली ती अजून अधूनमधून हसते.

तुम्ही अठ्ठावीस वर्षं गुजरातच्या रस्त्यावर ट्रक चालवून घरी बसला होतात. माझ्या आळीत सायकल वळत नाही, तुमच्या घरापुढे मोठं अंगण आणि त्यात स्वतःची बोअर. गाडी तुमच्याकडे राहायला आली ती अशी. आसनं तुम्ही काढलीत. पलंगाची मापं मी काढली, पण पलंग आत जाईना, कारण दाराची रुंदी मी बिजागरी न धरता मोजली होती. तुम्ही पलंग कापलात, मधे बिजागऱ्या लावल्यात, घडीचा केलात. मग हिला म्हणालात, "वहिनी, मास्तरांचं माप बरोबर हाय, दारच चुकलं." मागच्या बाजूला शेगडीचा ओटा, त्याखाली दोनशे लिटरची पाण्याची टाकी, टाकीला खालून तोटी. ती तोटी तुम्ही दोनदा बदललीत. पहिली तोटी बारीक आहे, हंडा भरायला वेळ लागेल, असं म्हणाला होतात. फिरत्या घरात हंडा कशाला लागेल, असं मी विचारलं होतं. तेव्हा तुम्ही उत्तर दिलं नाहीत. मीही उत्तराची वाट पाहिली नाही.

माझा प्रश्न वेगाचा होता. महामार्गावर अशी गाडी कोणत्या वेगाने नेली तर डिझेल कमीत कमी लागेल? जास्त पळवली तर समोरची हवा अडवते, आणि आपली गाडी म्हणजे चार चाकांवरचं कपाट. फार हळू नेली तर वेळ जास्त लागतो आणि तेवढा वेळ इंजिन जळत राहतं. या दोन्हींच्या मधे कुठेतरी सरस वेग असणार. मला वाटत होतं साठ ते पासष्ट. तुम्ही म्हणालात पंचावन्न.

"कशावरून?"

"आरसा सांगतो. पन्नासपर्यंत डावा आरसा थरथरतो. पंचावन्नला गप होतो. साठ झालं की परत बोलाय लागतो. गप असंल तवा गाडी खूश असती."

"गाडी खूश असणं आणि डिझेल कमी लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"ट्रकला नव्हत्या."

मी हसलो होतो. आकडे काढू म्हणालो. "काढा की," तुम्ही म्हणालात, "रविवारी मला तरी काय काम हाय?"

पद्धत माझी होती. रविवारी सकाळी जव्हारच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची. कासामार्गे चारोटीला उतरायचं, महामार्गावर ठरलेल्या वेगाने ठरलेल्या खुणेपर्यंत जायचं, त्याच वेगाने परतायचं, घाट चढून घरी. एकूण दोनशे किलोमीटर. पुढच्या रविवारी पुन्हा तसंच, आणि मग त्याच यंत्रावर पुन्हा काठोकाठ. भरताना पाव-अर्धा लिटर इकडेतिकडे होतोच, दोन रविवार एकत्र धरले की ती चूक निम्मी होते. घाटाचा रस्ता दर वेळी सारखाच, बदलायचा तो फक्त महामार्गावरचा वेग. गाडीचा किलोमीटर मोजणारा मीटर बंद पडलेला होता, म्हणून वेग आणि अंतर मी मोबाइलवर बघायचो. आणि एक नियम मी लाल पेनाने लिहिला होता. पाण्याची टाकी रिकामी ठेवायची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो.

त्या रविवारांसाठी मला तुमचे आभार मानायचे आहेत. ते कधी मानले नाहीत. शेजारून ट्रक हॉर्न देत जायचे आणि तुमचा पाय हलायचा नाही. मोबाइलवर पासष्ट म्हणजे पासष्ट, फार तर एखाद्याने इकडेतिकडे. मी शेजारी वही घेऊन. तुम्ही ढाबे दाखवायचात, इथं डाळ बरी, तिथं नुसता रंग. एकदा तुम्ही विचारलंत, "मास्तर, कन्याकुमारीला आपून थांबायचं किती दिवस?" मी सांगितलं की जायला-यायला किती लिटर लागतील. तुम्ही म्हणालात, "ते नाय. थांबायचं किती? अठ्ठावीस वर्सं मी कुठं थांबलो नाय. माल उतरला की परत." मी म्हणालो, बघू. ते बघायचं राहिलं.

जाताना कासाच्या आधी घाट उतरावा लागतो. तिथे न्यूट्रल करून गाडी सोडली तर काय वाचेल, असं मी विचारलं होतं. तेवढं एकदाच तुम्ही माझ्यावर चिडलात. "घाटात गाडी मोकळी सोडायची नसती. डिझेल वाचंल, मास्तर नाय वाचायचा." मग कासाजवळ तुम्ही माझ्यासाठी चहा सांगितलात, साखर कमी.

फेब्रुवारीत सत्तर आणि पासष्ट झाले, मार्चच्या सुरुवातीला साठ. वेग कमी होत होता आणि आकडा चढत होता. तुम्ही म्हणालात ते खरं ठरण्याच्या बेतात होतं, आणि हे मला आवडत नव्हतं. आज ते कबूल करतो.

मार्चच्या मध्यावर तुम्ही मला अंगणात बोलावलंत. टाकी दाखवलीत, तोटी उघडझाप केलीत. म्हणालात, "मास्तर, ही एकदा भरून बघाय पायजे. गळती का कसं ते कळंल."

"बघू नंतर."

"भरतोच हाय तर सूर्यमाळला एक फेरी मारतो. बहीण हाय तिथं, भागी. तिकडं जरा पान्याचं अवघड हाय."

जव्हार-मोखाड्यात राहून सूर्यमाळच्या पाड्यांवर मार्चनंतर पाण्याचं काय होतं ते माहीत नाही, असा माणूस नाही. मलाही माहीत होतं. मी म्हणालो, "दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो, लहानूभाऊ. शिवाय चढ. सगळे आकडे बिघडतील. आधी चाचण्या होऊ देत. जूनमध्ये बघू."

तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "हां. ते बी खरं." आणि तोटी बंद केलीत.

जूनमध्ये पाणी कोणाला हवं असतं, हा विचार मला त्या दिवशी आला नाही. त्यानंतरही आला नाही. तो मला तुमच्या बाराव्याला आला.

एप्रिलमध्ये पंचावन्नची पाळी आली. दोन रविवार झाले, टाकी भरली. ४५.५ लिटर. म्हणजे ८.८. सत्तरपेक्षाही वाईट. मी म्हणालो पुन्हा करू. पुन्हा केलं. ४६ लिटर. ८.७. एकदा झालं असतं तर मी मोजण्यातली चूक म्हणालो असतो. दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा अंदाजापेक्षा साधारण सहा लिटर जास्त. वेग कमी केल्यावर इतकं डिझेल जास्त लागायला कारण नव्हतं. इंजिन तपासलं, पाइप तपासले, गळती नव्हती. उरलं काय? दोन रविवारांच्या मधला आठवडा गाडी तुमच्या अंगणात असायची.

तक्त्यात मी शेवटी एक रकाना ठेवतो, शेऱ्याचा. पंचावन्नच्या दोन्ही ओळींपुढे त्या रकान्यात मी दोन शब्द लिहिले. "चालकाबाबत शंका."

मी हे तुम्हाला एकट्याला विचारू शकलो असतो. तुमचं घर माझ्या घरापासून सात मिनिटांवर आहे. पण मी तक्ता घेऊन स्टँडजवळच्या चहाच्या दुकानात गेलो. तुम्ही रोज संध्याकाळी तिथे असायचात. शाळेतले दोघे होते, दुकानदार होता. मी तक्ता बाकावर पसरला. पंचावन्नवर बोट ठेवून म्हणालो, "हा तुमचा आरसा. आठ पूर्णांक आठ."

शाळेतला एक म्हणाला, "काय लहानूभाऊ, आरसा बदला. नायतर चश्मा." सगळे हसले. तुम्हीही हसलात.

तिथेच थांबायला हवं होतं. मी म्हणालो, "गाडी आठवडाभर तुमच्याकडे असते. सहा लिटर डिझेल कुठे जातं?"

मग कोणी हसलं नाही. तुम्ही कपातल्या चहाकडे बघत होतात. म्हणालात, "सहा? मला वाटलं दोनेक लिटरचा फरक पडत असंल."

"म्हणजे दोन लिटर जातं, हे तुम्हाला माहीत आहे?"

"जातं," तुम्ही म्हणालात.

"कुठे?"

तुम्ही खिशातून किल्ली काढून तक्त्यावर ठेवलीत, माझ्यापुढे नीट सरकवलीत, आणि चहा संपवून गेलात. दुकानदार म्हणाला, "सर, राहू द्या. सहा लिटरनं काय होतंय." मी म्हणालो, प्रश्न सहा लिटरचा नाही, आकड्यांचा आहे. हे वाक्य मला त्या वेळी बरोबर वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही किल्ली मागून घेतलीत, गाडी धुऊन पुसून माझ्या आळीच्या तोंडाशी आणून लावलीत. काचा कोरड्या केलेल्या. ही बाहेर आली, म्हणाली, "भाऊ, चहा तरी घ्या." तुम्ही म्हणालात, "नको वहिनी, घाईत हाय." तुम्हाला घाई असल्याचं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मी आतल्या खोलीत होतो. शर्टाची बटणं लावत होतो. पाच बटणांना जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ लावला.

मे महिन्यात तुम्ही मला एकदा दिसलात. मोखाड्याच्या रस्त्याला, दुचाकीवर, मागे दोन पांढरे कॅन दोरीने बांधलेले. तुम्ही हात वर केलात. मी मोबाइल काढून त्यात बघायला लागलो. मनात म्हणालो, कॅन. घरी येऊन हिलाही तेच सांगितलं. ही म्हणाली, "कॅनमध्ये डिझेलच असतं का?" मी म्हणालो, तू यात पडू नकोस.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी तुमच्या शेजाऱ्याचा फोन आला. सकाळी आंघोळीचं पाणी तापायला ठेवून तुम्ही ओट्यावर बसलात ते उठला नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. अंत्ययात्रेत मी मागे उभा होतो. पुढे येऊन खांदा देण्याइतकं माझं तुमच्याशी राहिलेलं नाही, असं मला वाटलं. खरं म्हणजे तुम्ही माफ केलं असेल की नाही हा प्रश्न मनात नव्हताच. मी तुम्हाला माफ करावं का, हा होता. ते तसंच होतं.

बारावं सूर्यमाळला, तुमच्या मूळ घरी होतं. आळीतल्या सहा जणांना जायचं होतं. ही म्हणाली, "त्यांच्याच हातची गाडी आहे. ती घेऊन चला." मी निघायच्या आधी पाण्याची टाकी रिकामी आहे ना ते पाहिलं, कारण माणसं सहा आणि चढ मोठा. सवयीने पाहिलं.

शेवटचं वळण घेऊन गाडी पाड्याखाली आली. मी अजून इंजिन बंद केलं नव्हतं, तोच वरून बाया यायला लागल्या. डोक्यावर, कमरेवर हंडे. कोणाकडे कळशी, कोणाकडे तेलाचा डबा. एकीने निळं पिंप उतारावरून गडगडत आणलं. त्या काही न बोलता गाडीच्या मागच्या बाजूला रांगेत उभ्या राहिल्या. पहिली वाकली आणि तोटी जिथे आहे तिथे, न शोधता, हंडा धरला.

सहा जणांतला कोणी म्हणाला, "हे काय?" मला कळलं होतं. आकडे जुळायला एक क्षण पुरतो.

गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. तुमचंच नाक. तुमची बहीण भागीबाई. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमी मास्तर ना?"

"हो."

"लहान्या सांगायचा, मास्तर पानी धाडतो." मग ती बायांकडे वळली. "हे मास्तर. गाडी ह्यांचीच." बायांनी माझ्याकडे पाहिलं. एकीने हात जोडले. भागीबाई म्हणाली, "महिना झाला, गाडी आली नाय. आमाला वाटलं मोडली. मंग तो फटफटीवर आनायचा, दोन-दोन कॅन. आज तुमी सोता आलात, आता बरं झालं."

तोटीखाली हंडा तसाच होता. मी म्हणालो, "आज टाकी रिकामी आहे."

"असू दे," ती म्हणाली. "आज त्याचं कार्य हाय. उद्या आना."

पाणी मी धाडत होतो, याला मी हो म्हणालो नाही. नाही असंही म्हणालो नाही. जेवलो. पत्रावळीशेजारी पाण्याचा पेला होता. तो कोणत्या झऱ्यावरून आणि किती चालून आला असेल याचा अंदाज करत होतो आणि प्यायलाही धजत नव्हतो. शेवटी प्यायलो, कारण टाकणं अधिक वाईट झालं असतं.

परतताना मी जव्हारच्या पंपावर थांबलो. डिझेल भरणाऱ्याला विचारलं, लहानूभाऊ एप्रिलमध्ये कॅन घेऊन येत होते का. तो म्हणाला, "हो. दर खेपेला दहा लिटर, स्वतःच्या खिशातून. म्हणायचे, माप नीट दे, मास्तरांच्या गाडीचं हाय." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? तो गोंधळला. "सर, तुमच्याच गाडीचं तुम्हाला काय सांगायचं?"

मग मी हिशोब मांडला. आठवड्यात तीन फेऱ्या, हे भागीबाईने सांगितलं. दोन चाचण्या, म्हणजे सहा फेऱ्या. दोन्ही चाचण्यांत मिळून जास्त लागलेलं डिझेल १२.३ लिटर. फेरीमागे दोन. एका फेरीला दहा लिटर लागत असतील असा तुम्ही अंदाज धरलात आणि तेवढे परत ओतलेत. पण भरलेली टाकी, वर वीस-वीस लिटरचे चार कॅन, आणि मोखाड्यापुढचा चढ. लागत होते बारा. दोनेक लिटरचा फरक पडत असेल असं तुम्ही म्हणाला होतात. फेरीमागे दोन. तुम्ही त्या बाकावर एका फेरीचा बरोबर आकडा सांगत होतात, तीन फेऱ्यांची बेरीज तेवढी केली नव्हतीत, आणि मी तो पकडला म्हणून खूश झालो होतो.

एका फेरीला दोनशे ऐंशी लिटर पाणी. दुचाकीवर चाळीस. म्हणजे गाडीची एक फेरी भरून काढायला दुचाकीच्या सात. मे महिन्यात, त्या उन्हात, तुमच्या वयाला. किल्ली घेतली नसती तर काय झालं असतं, याचा आकडा मी मांडलेला नाही. मांडता येणार नाही असं नाही. मांडायची हिंमत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून रजा घेतली. तुमच्या शेजाऱ्याकडून अंगणाची किल्ली घेतली, बोअर सुरू केली, टाकी भरली, चार कॅन भरले. सूर्यमाळला गेलो. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. तुम्ही निवडलेल्या मोठ्या तोटीने हंडा किती पटकन भरतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या फेरीला, बाया गेल्यावर, मी भागीबाईला सगळं सांगितलं. पाणी मी धाडलं नव्हतं, मी नको म्हणालो होतो, वर तिच्या भावाला चारचौघांत चोर ठरवलं. ती शेवटचा कॅन पिंपात ओतत होती. ऐकून थांबली.

मग म्हणाली, "घरी आला होता त्या दिसाला. जेवला नाय. मी इचारलं तर म्हनला, मास्तर हिशोबाचा मानूस हाय, त्याला कळंल." तिने कॅन माझ्या हातात दिला. "आता धरा. खाली थोडं राह्यलंय, ते सांडू नका."

तिने मला माफ केलं की नाही, ते मला समजलं नाही. मी विचारलंही नाही. दोनच फेऱ्या झाल्या, आणि पावसाळा लागला. आता पाड्याच्या दारावरून पाणी वाहतं. मी म्हणालो होतो जूनमध्ये बघू. जून आहे. चाचण्या झाल्या. गाडी मोकळी आहे.

पंचावन्नची चाचणी पुन्हा का केली, असं ही मला विचारत होती. तुमचं खरं होतं हे कळल्यावर मोजायचं काय राहिलं? मी म्हणालो, चूक माझ्या तक्त्यात आहे, ती तक्त्यातच दुरुस्त झाली पाहिजे. ती दोन्ही रविवारी बरोबर आली. महामार्गाला लागल्यावर तिने मोबाइल हातात घेतला आणि वेग वाचायला लागली. बावन्न, त्रेपन्न. डावा आरसा थरथरत होता, त्यातला मागचा ट्रक पुसट दिसत होता. चोपन्न. पंचावन्न म्हणाली, आणि मी न विचारता पुढे म्हणाली, "थांबला." त्यातला ट्रक स्वच्छ दिसत होता, नंबरासकट. मी पुढे बघत राहिलो.

सोमवारी संध्याकाळी तक्ता घेऊन चहाच्या दुकानात गेलो. तोच बाक, शाळेतले तेच दोघे. डिझेल कुठे जात होतं, ते सांगितलं. तुम्ही उत्तर का दिलं नसेल, त्याबद्दल मला जे वाटतं तेही सांगितलं. उत्तर दिलं असतंत तर मी पुन्हा "एक लिटर म्हणजे एक किलो" म्हणालो असतो, आणि या वेळी सगळ्यांसमोर म्हणालो असतो. तुम्ही मला त्यातून वाचवलंत. आरसा बदला म्हणणारा खाली बघत होता. दुकानदाराने तुमच्या जागेवर एक कप ठेवला. तो कोणी प्यायला नाही.

मुलांना मी वर्षानुवर्षं एक गोष्ट शिकवतो. चुकलेला आकडा खोडरबराने घासायचा नाही. त्यावर एक आडवी रेघ मारायची आणि बरोबर उत्तर शेजारी लिहायचं. आपण कुठे चुकलो ते खाली दिसत राहिलं पाहिजे. मी ८.८ वर एक रेघ मारली, ८.७ वर एक. शेजारी १०.१ लिहिलं. मग शेऱ्याच्या रकान्याकडे आलो. "चालकाबाबत शंका" यावर, दोन्ही ओळींत, एकेक रेघ मारली आणि पुढे लिहिलं, "पाणी. सूर्यमाळ. २८० लिटर, सहा फेऱ्या. चालक लहानूभाऊ." खाली सही केली, तारीख घातली.

तक्ता गाडीत, चालकाच्या डोक्यावर चिकटवला आहे. फेब्रुवारीत गाडी पुन्हा तुमच्या अंगणात, बोअरपाशी असेल. रेघांखालचे ते दोन शब्द अजून स्वच्छ वाचता येतात. घाट चढताना मान वर केली की तेच आधी दिसतात.